म्हादूच्या आईची हाक

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंतरा,

तुमच्या ‘ठिणगी’ या व्हिडिओ गेममध्ये म्हादू घराबाहेर पडलाच नाही, तर त्याची आई जिवंत राहते. खेळाडूनं उंबरा ओलांडला की शिपाई येतात, तोवर येत नाहीत. मग तिला मारतं कोण? शिपाई, ते लिहिणारी तू, की बटण दाबून बाहेर पडणारी मी? मला याचं उत्तर देता येत नाही. चार महिने प्रयत्न करून झाला.

तू माझा नंबर बंद केला आहेस म्हणून हे पोस्टानं पाठवते आहे. पत्ता तुझ्या स्टुडिओतल्या धवलनं दिला. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं फोन केला तो तुझ्यासाठीच. म्हणाला, “जुलैत तू तो व्हिडिओ टाकलास, तेव्हापासून अंतराला पुढच्या खेळाच्या कामातून बाजूला ठेवलंय. चौकशी चाललीय. म्हादूच्या आईचा आवाज तुझ्या आईला फसवून घेतला का, एवढाच प्रश्न आहे. दहा डिसेंबरच्या आत तुझं लेखी निवेदन दे. नाही दिलंस, तर व्हिडिओत बोललीस तेच खरं धरतील, आणि मग अंतराची नोकरी राहत नाही.”

मी म्हटलं, विचार करून कळवते.

तुला आठवत असेल, राजारामपुरीतल्या राजवीरदादाच्या गेमिंग कॅफेत मी अजून काउंटर सांभाळते. हुपरीहून सकाळची एसटी धरते. पहिला तासभर गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी खेळते आणि खेळांवरचे माझे मराठी व्हिडिओ करते. गोष्ट सांगणाऱ्या मारामारीच्या खेळांबद्दल माझी मतं तुला पाठ आहेत. कॉलेजच्या कट्ट्यावर तू ती कितीदा ऐकलीस! पण आता त्यात फरक पडला आहे, म्हणून लिहिते.

पूर्वी मी म्हणायचे, गोष्ट चांगली असेल तर मारामारी कमीच हवी. परवा एका नावाड्याचा खेळ संपवला. नदीतल्या जनावरांशी लढत तो माणसं पलीकडे पोचवतो. प्रत्येक लढाईनंतर त्याचं वल्हं थोडं आखूड पडायला लागतं. तो थकलाय असं कुणी संवादात सांगत नाही. पलीकडचा काठ गाठायला माझ्याच अंगठ्याला जास्त वेळ लागतो, त्यावरून कळतं. मारामारी काढली असती तर ही गोष्टच उरली नसती.

आणि याच्या उलट तो नेहमीचा प्रकार. नायक दोनशे माणसं कापत जातो, आणि मुख्य खलनायक समोर आला की तलवार खाली टाकून म्हणतो, मी तुझ्यासारखा नाही. दोनशे माणसं मारताना बटण माझ्या हातात होतं. दया दाखवायची वेळ आली, तेव्हा खेळानं ते काढून घेतलं आणि मला नुसता सिनेमा दाखवला. याचा मला अजून तितकाच राग येतो.

तू म्हणायचीस, “खेळाडूच्या हाताला राग लागतो गं. नुसता घण दिला म्हणून तो उचलत नाही.” बरोबर आहे. पण राग द्यायला दर वेळी आईच का मारावी लागते? पहिल्या दहा मिनिटांत आई, नाहीतर बहीण, नाहीतर बायको. व्हिडिओत मी हेच बोलले होते आणि ते मला आजही पटतं.

बाकीचं व्हिडिओत बोलले, त्याबद्दल आज लिहीत नाही.

क्रांती

कोल्हापूर, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय अंतरा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

काल राजवीरदादानं माझी ओळख एका गिऱ्हाइकाला करून दिली. “ही आमची क्रांती. त्या ‘ठिणगी’वाल्यांची हिनंच काढली की! नादखुळा व्हिडिओ!” तो माणूस मला म्हणाला, “तुमच्या आईसाठी लई वाईट वाटलं ताई. असल्या बायकांना कामावरून हाकललं पायजे.” असल्या बायका म्हणजे तू. मी कॉम्प्युटर चालू करून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

आज तुला एक निरीक्षण सांगते. ‘ठिणगी’त जे ‘न्हाय’ म्हणतात ते सगळे मरतात. पाणक्या मरतो, भट्टीवरचा म्हातारा मरतो, आई तर पहिलीच. जे ‘नाही’ म्हणतात ते शेवटपर्यंत टिकतात. म्हादू चांदीच्या कारागिराच्या घरात जन्मला, त्याच आईचं ऐकत वाढला, पण बोलतो आकाशवाणीसारखं. तुला हे लिहिताना जाणवलं नाही का? मला तर ऐकतानाही तिसऱ्या वेळी जाणवलं. आपल्याला दोघींनाही ते सवयीचं होतं.

आणि पडद्यावर खाली उमटणाऱ्या अक्षरांत कुणीतरी आईची वाक्यं सुधारली आहेत. ती म्हणते, “मी भाकरी करतो, तू बस.” अक्षरांत लिहिलंय, “मी भाकरी करते.” आमच्याकडच्या बायका ‘करतो’, ‘येतो’च म्हणतात, हे तुमच्या पुण्यातल्या तपासनिसाला कसं ठाऊक असणार? त्याला ती चूक वाटली. मला त्याच्यावर हसता येईना, कारण पहिल्या वर्षाला वर्गात मी “मी वाचतो सर” म्हटलं आणि सगळा वर्ग हसला, तेव्हा मधल्या सुट्टीत तूच मला जवळ घेऊन ‘वाचते’ म्हणायला शिकवलंस. प्रेमानं शिकवलंस. आज मी जे काही लिहिते ते तसंच लिहिते. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळी कागदपत्रंही मीच वाचते, भरते. आईच्या सहीखाली तारीख माझ्या अक्षरात असते.

तिच्या आवाजाच्या संमतीचा कागदही तसाच झाला. इंग्रजीत होता. तिनं विचारलं, “काय ल्हिलंय?” मी सांगितलं. तिनं सही केली.

तू पाठवलेलं संवादाचं पान मला त्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. मी ते वाचलं होतं. व्हिडिओत मी म्हणाले, आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ‘आम्हाला’ हा शब्द बरोबर नव्हता.

हे एवढं लिहायला मला दुपार गेली. उरलेलं पुन्हा लिहीन.

क्रांती

कोल्हापूर, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय अंतरा,

आज आई कॅफेत आली. आजवर कधी आली नव्हती. मी काउंटरवर होते, आणि दारातूनच आवाज आला.

“क्रांते, कुठं हाय माझं मढं? दाव की.”

सगळ्या खुर्च्या वळल्या. राजवीरदादा उठून उभा राहिला. “या तानाबाई काकू, बसा. च्या सांगू?”

“च्या नगं. आक्का म्हणाली, तुमच्या दुकानात मी रोज मरालोय म्हणं. बघू तरी.”

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती, आमच्या शेजारीच राहते. तिच्या नातवानं तिला व्हिडिओ दाखवला होता. आईचा फोन साधा, आणि मी तिला इतके दिवस एवढंच सांगितलं होतं, की कंपनीचा काहीतरी घोळ झालाय.

मी ‘ठिणगी’ लावली. आईच्या हातात कंट्रोलर दिला. तिनं तो उलटापालटा करून पाहिला. “धरायचं कसं हे? कुलपागत हाय.” मी तिचा डावा अंगठा दांडीवर ठेवला. म्हादू उभा राहिला, भिंतीवर आपटला, परत फिरला. आई खूश झाली. “माझंच ऐकालाय की!”

मग तिला म्हादूची आई दिसली. कोपऱ्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडणारी.

“बसलीया कशी बघ. अशी बसून कड्या जोडत्यात व्हय? सांजपतोर कंबर मोडंल बाईची. कुणी ल्हिलंय हे, अंतरीनं? मास्तराची पोर ती, तिला काय ठावं.” तुझं नाव तिनं अजून पूर्वीसारखंच घेतलं.

खेळातली आई बोलली, “म्हादू, मी भाकरी करतो, तू बस.” माझी आई स्वतःचा आवाज ऐकून पडद्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “गळा बरा हाय की माझा.”

त्यानंतर जे झालं ते मी कुठल्याच खेळात पाहिलं नव्हतं. म्हादूला घागर उचलता येते, हे तुम्ही ठेवलंय. पण ती उचलून कोण काय करणार? सगळे थेट दाराकडे पळतात. आईनं घागर उचलून म्हादूच्या आईजवळ नेऊन ठेवली. मग सरपण नेलं. मग दिवा उचलता येतो का बघितलं. दारावरचा बाण लुकलुकत होता.

“हे काय लुकलुकालंय?”

“बाहेर जायला सांगतंय.”

“कशापायी?”

“गोष्ट पुढं जायला.”

“आन हिला एकटी टाकून जायाचं? ऱ्हाऊ दे ती गोष्ट. हितं काय वाईट चाललंय?”

मागे उभा असलेला एकजण म्हणाला, “काकू, भाईर पडा की. म्होरं लई मजा हाय.”

“तुझ्या घरी कोण न्हाय व्हय? जा की तिकडं, कर मजा.”

सगळे हसले, पण कुणी हललं नाही. सव्वा तास ती त्या एका खोलीत होती. अंतरा, तुमच्या लोकांना सांग, ‘ठिणगी’ इतकी चांगली खेळलेली मी आजवर पाहिली नाही. मी म्हणत आले की खेळात निवड खरी हवी, दोन बटणांतली खोटी नको. तुमच्या खेळात खरी निवड त्या खोलीत होती, आणि ती आम्हा कुणाला दिसली नव्हती.

गाडीची वेळ झाल्यावर ती उठली. “भाईर काय हुतंय गं शेवटी?” तिनं विचारलं.

“काही नाही. मारामारी.”

मी तिला दुसऱ्यांदा फसवलं. आता पहिल्यांदाचं लिहिते.

तुझ्या पानावर शेवटचं वाक्य होतं, “म्हादूऽऽ”, आणि पुढे कंसात, ‘किंकाळी, मरताना’. ते मी आईला सांगितलं नाही. कागदावर ‘किंकाळी’ खोडून ‘हाक’ लिहिलं आणि तिला म्हटलं, “आता पोराला जेवायला हाक मार.” तिनं रेकॉर्डरसमोर उभं राहून, लहानपणी मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची तशी हाक मारली. “म्हादूऽऽ, ये रं जेवायाऽ!” मी मागचे शब्द कापले आणि तुला पाठवलं. तू फोनवर म्हणालीस, “क्रांती, अंगावर काटा आला. काकूंना त्रास नाही ना झाला?” मी म्हणाले, “नाही, तिला सगळं समजावलंय.”

का केलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. तिन्हीसांजेला घरात आईला मरणाचं ओरडायला कसं सांगायचं, वगैरे. खरं कारण असं, की मला तुमच्याकडे लिहिण्याची नोकरी हवी होती. रेकॉर्डिंग वेळेत गेलं तर तू माझं नाव पुढं करशील असं मी धरून चालले. तू तसं वचन दिलं नव्हतंस. आई नाही म्हणाली असती तर वेळ गेला असता.

खेळ आला त्या दिवशी कॅफेत वीस माणसं मोठ्या पडद्यासमोर होती. ती हाक आली आणि सगळे म्हणाले, काय आवाज लावलाय! मला आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखालची जेवणाची वेळ दिसली. मला इतकी भीती वाटली, की त्याच दिवशी मी बसून व्हिडिओ केला आणि सगळं तुझ्यावर घातलं. तुमच्याकडून जागा नसल्याचं पत्र त्या आधीच्या आठवड्यात आलं होतं, त्याचा रागही त्यात होता.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी आईला सांगायला हवं होतं. सांगितलेलं नाही.

क्रांती

हुपरी, ७ डिसेंबर २०२५

प्रिय अंतरा,

गुरुवारी मला सुट्टी होती. आई आणि आक्का ओसरीवर कड्या जोडत बसल्या होत्या. मी लॅपटॉप आणून समोर ठेवला आणि म्हटलं, “आई, बाहेर काय होतं ते दाखवते.”

म्हादू बाहेर पडला. शिपाई आत शिरले. हाक आली.

आईनं पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकली. आक्कानं हातातलं काम खाली ठेवलं होतं.

“ही तर जेवायची हाक हाय,” आई म्हणाली.

“हो.”

“मी जेवाय हाक मारलीती. ‘ये रं जेवाया’ कुठं गेलं?”

“मी कापलं.”

“तू?”

“मी. अंतरानं नाही. तिनं कागदावर लिहिलं होतं की बाई मरते. मी तुला वाचून दाखवलं नाही.”

मला वाटलं आई ओरडेल. आक्काच बोलली, “शिकून ह्येच शिकलीस व्हय गं?” आईनं तिला हातानं गप्प केलं.

“किंकाळी पायजे हुती तर किंकाळी मागायची,” आई म्हणाली. “मी दिली न्हाय तर कोण देणार? ह्या गल्लीत कोण गेलं की रडाय मलाच बोलावत्यात. मी गळा काढतो तवा पोलादागत गडीबी डोळं पुसत्यात. इचार आक्काला.”

“खरं हाय,” आक्का म्हणाली. “माझ्या मालकाच्या टायमाला हिनं आख्खी गल्ली रडीवली.”

“मला वाटलं तू नाही म्हणशील,” मी म्हटलं.

“म्हटलंबी असतं. इचारल्याबिगर तुला कसं कळलं?” तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “आन एवढी हातोडा हाणणारी बाई, एका धक्क्यात मरती व्हय? चिमटा हुता की हातात. शिपायाच्या डोळ्यात घालायचा न्हाय?”

हसू येण्यासारखं होतं, पण ती हसत नव्हती, म्हणून मीही हसले नाही. मग तिनं एक विचारलं, जे मला चार महिने कुणी विचारलं नव्हतं. “ती पोरगी कुठं हाय आता? अंतरी?”

मी सगळं सांगितलं. चौकशी, दहा तारीख, लोक काय लिहितात ते.

“आन तू गप बसलीस?”

“हो.”

“चार म्हयनं?”

“हो.”

ती उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वाढलं. शुक्रवारी सकाळी मी गाडीला निघाले, तेव्हा चुलीपाशी बसूनच म्हणाली, “ल्ही काय ल्ह्यायचं ते. माझंबी त्यात घाल.”

म्हणून निवेदनात तिचा परिच्छेद आहे. तिनं सांगितला तसाच ठेवलाय, काही सुधारलेलं नाही. त्यात तिनं तीन गोष्टी म्हटल्या आहेत. अंतरानं मला फसवलं न्हाय, माझ्या पोरीनं फसवलं. ती हाक खेळातनं काढा, जेवायची हाक मेल्यावर लावू नगा. किंकाळी पायजे असंल तर मी पुण्याला येऊन देतो, पर बाई कशी मरती ते आधी मला दावा. तिसऱ्या गोष्टीचं तुमच्या वकिलांना काय वाटेल ते माहीत नाही. पुन्हा वाचून दाखवल्यावर तिनं सही केली. या वेळी कागद मराठीत होता आणि आक्कानंही वाचला.

माझ्या भागात मी पानावरची खाडाखोड, कापलेले शब्द, तुझा तो फोन आणि माझं उत्तर, सगळं लिहिलं आहे. नोकरीचंही लिहिलं. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, ‘ये रं जेवाया’सकट. ते जोडलं. धवलला काल सकाळी पाठवलं आणि पोचल्याचं त्याचं उत्तर आलं. प्रत या पत्राबरोबर आहे.

राजवीरदादाला आधी सांगितलं, कारण माझ्या व्हिडिओमुळे त्याच्याकडे माणसं यायची. तो म्हणाला, “अगं, एवढं चाललेलं कशाला मोडालीस? जाऊ दे की, लोकं इसरत्यात.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “बघ बाई. शिव्या तुला पडणार.” दुपारी नवा व्हिडिओ टाकला. साडेसहा मिनिटांचा आहे. खेळाबद्दल त्यात एक शब्दही नाही. तुमच्या खेळाबद्दल माझी जी मतं आहेत ती मला अजून मांडायची आहेत, पण ती या व्हिडिओत घातली असती तर पुन्हा माझीच बाजू राखल्यासारखं झालं असतं. शिव्या पडायला लागल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच बरोबर आहेत.

तू उत्तर द्यावंस म्हणून हे लिहीत नाही. आईनं मात्र निरोप दिलाय, कड्या जोडणारी बाई कशी बसते ते बघायला ये.

नवा व्हिडिओ टाकल्यावर जुना काढून टाकला. त्याच्याखाली तीन हजारांवर लोकांनी तुझ्याबद्दल लिहिलेलं होतं, तेही त्याच्याबरोबर गेलं. काढायच्या आधी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. संध्याकाळ झाली. तू ते केव्हाच वाचलेलं असणार.

क्रांती